शनिवारवाड्याचा खटला नववीच्या वर्गात

वाचकाचे पत्र

मी तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी नारायणराव पेशव्यांच्या खुनाचे अभिरूप न्यायालय भरवले. राघोबादादा, त्यांची पत्नी आनंदीबाई आणि गारदी (पगारी शिपाई) आरोपी, एक मुलगा न्यायाधीश रामशास्त्री, दोन मुले वकील आणि उरलेला वर्ग प्रेक्षक, अशी मांडणी होती. अर्ध्या तासात सगळे आटोपले. बोलली ती फक्त वकील झालेली दोन मुले. ‘ध चा मा’ हे शब्द उच्चारताच वर्ग हसला आणि रामशास्त्र्यांनी सर्वांना दोषी ठरवून टाकले. त्यानंतर कितीतरी दिवस आनंदीबाईंचे काम करणाऱ्या मुलीला मुले ‘ध चा मा’ म्हणून चिडवत होती. एका पालकांनी मला विचारले, की आपल्याच पेशव्यांची अब्रू मुलांसमोर कशाला काढायची? मुख्याध्यापकांना मात्र हा प्रयोग आवडला असून या वर्षी तो स्नेहसंमेलनात पोशाखांसह व्हावा, अशी त्यांची इच्छा आहे. या वर्षी माझ्या वर्गात ४८ मुले आहेत. मी हा खटला पुन्हा घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा?

— एक शिक्षिका

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

खटला अवश्य घ्या. मात्र गेल्या वर्षी जे बिघडले ते मुलांच्या उत्साहामुळे किंवा आपल्या तयारीमुळे बिघडले, असे मला वाटत नाही. मराठी मूल या खटल्यात बसते तेव्हा त्यातील एका आरोपीचा निकाल त्याला आधीच पाठ असतो. ‘ध चा मा करणे’ हा आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसला आहे. कार्यालयातल्या कागदात कोणी खाडाखोड केली तरी आपण तो सहज वापरतो. ज्या आरोपीची शिक्षा शब्दकोशात शिरली आहे, तिच्या बाजूने वकिलाने काय बोलावे? त्यामुळे आपला वर्ग हसला यात नवल नाही. माझी मुख्य सूचना एवढीच आहे, की हा खटला त्या एका अक्षरावरून उतरवून प्रत्येक आरोपीच्या स्वतंत्र कृतीवर आणावा. बाकीच्या सूचना त्यातूनच निघतात.

आधी, ज्याबद्दल फारसा वाद नाही असा भाग पाहू, कारण आरोपपत्र त्यावरच उभे राहायचे आहे. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, १७६८ साली धोडपच्या लढाईत माधवरावांकडून पराभूत झाल्यापासून शनिवारवाड्यात नजरकैदेत होते, आणि नव्या पेशव्यांच्या काळातही त्यांच्यावर पहारा होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी गारद्यांची टोळी थकलेल्या पगाराची ओरड करत वाड्यात घुसली. नारायणराव धावत चुलत्यांच्या दालनात गेले आणि तेथेच मारले गेले. त्यांच्या अंगावर आडवा पडलेला सेवक चापाजी टिळेकरही त्यांच्याबरोबर कापला गेला. पेशव्यांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. नववीच्या मुलांना हे वय आवर्जून सांगावे, कारण चित्रातला पगडीवाला पेशवा त्यांना नेहमी पोक्त वाटतो.

आता त्या अक्षराकडे येऊ. प्रचलित कथा अशी, की ‘नारायणरावास धरावे’ असा हुकूम राघोबादादांनी गारद्यांना लिहून दिला आणि आनंदीबाईंनी त्यातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले. तो कागद आज आपल्यासमोर नाही. आपल्यासमोर आहे ती त्याबद्दलची हकीगत, आणि ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफ यांच्या ज्या इतिहासात ती ठळकपणे येते तो १८२६ साली, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी, छापला गेला. एवढ्यावरून हकीगत खोटी ठरत नाही, परंतु न्यायालयात ती पुराव्याच्या पहिल्या पायरीवरही बसत नाही. सरकारी वकील झालेल्या मुलीने हा कागद पुढे करताच बचावाच्या वकिलाने उठून ‘मूळ कागद दाखवावा’ म्हणावे. तेथे वर्ग गप्प होईल, आणि ती शांतता आपल्याला हवी आहे.

त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा असून गेल्या वर्षी तो कोणी विचारलाच नसावा. समजा, कागद होता आणि त्यात ‘धरावे’ असेच होते, खाडाखोड झालीच नाही किंवा दुसऱ्या कोणी केली. मग राघोबादादा निर्दोष सुटतात का? आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम ५१ आहे. जुन्या दंडसंहितेत हेच कलम १११ होते. एखाद्याने एका कृत्याला चिथावणी दिली आणि प्रत्यक्षात दुसरेच कृत्य घडले, तर ते दुसरे कृत्य त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असल्यास चिथावणी देणाराही त्यासाठी जबाबदार धरला जातो, असा त्याचा आशय आहे. कलमाखालच्या उदाहरणांपैकी एक तर या खटल्यासाठीच रचले असावे असे वाटते: लुटीसाठी मध्यरात्री वस्तीच्या घरात घुसायला माणसांना उद्युक्त केले, त्यासाठी त्यांना शस्त्रे पुरवली, आणि विरोध होताच त्यांनी घरातल्या एकाला ठार मारले. हत्या हा संभाव्य परिणाम होता, असे ठरले तर पाठवणाराही हत्येच्या शिक्षेस पात्र ठरतो. आता मुलांना विचारावे, की पगार थकल्याने चिडलेले, हत्यारबंद शिपाई पेशव्यांना ‘धरायला’ वाड्यात सोडले, तर त्यातून काय घडू शकते हे एका मुरब्बी सेनानीला कळत नव्हते का? या माणसाने सिंधूकाठच्या अटक किल्ल्यापर्यंतच्या मोहिमेचे नेतृत्व केले होते, हे सरकारी वकिलाने जरूर सांगावे. उलट बचाव असे म्हणू शकेल, की राघोबादादा स्वतः कैदेत होते, गारदी त्यांच्या हाताखाली नव्हते, आणि राज्यकर्त्याला अटक करून सत्ता पालटणे हा त्या काळच्या राजकारणातला ओळखीचा मार्ग होता. तेव्हा अटकेची इच्छा ही खुनाची इच्छा नव्हे. ही खरी लढत आहे. यात अक्षराची जादू नाही, आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे भरपूर आहे.

म्हणून आरोपपत्र चार जणांविरुद्ध असावे, पण प्रत्येकाचा आरोप वेगळा लिहिलेला असावा. सुमेरसिंग गारदी याच्यावर खुनाचा आरोप. त्याचा बचाव हुकमाचा आणि थकलेल्या पगाराचा, म्हणजे शिक्षेपुरताच. तुळाजी पवार हा राघोबादादांचा नोकर होता आणि त्याने नारायणरावांना ओढून काढले असे सांगितले जाते. त्याच्यावर खुनात साथ दिल्याचा आरोप. राघोबादादांवर कट आणि चिथावणीचा. आनंदीबाईंवर फक्त कटाचा आणि कागदात फेरफार केल्याचा. महंमद युसूफ आणि खरगसिंग यांना ‘फरार’ दाखवावे; सहा आरोपी वर्गाला पेलत नाहीत. ‘सर्व आरोपी दोषी’ असे एकच वाक्य निकालात लिहिता येणार नाही, ही अट पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवावी.

आनंदीबाईंच्या बाबतीत आपल्या वर्गाचा निकाल बहुधा ‘पुरावा अपुरा’ असा येईल, आणि तसा आला तर आपण दचकू नये. घरातल्या पुरुषांच्या राजकारणात जे वाईट घडले त्याचे खापर एका बाईच्या बोरूवर फोडणे ही सोयीची गोष्ट होती आणि आहे. ती खरी नाहीच, असे मी म्हणत नाही, पण सोयीची आहे, हे नववीतल्या मुलामुलींना कळायला हरकत नाही. आनंदीबाईंच्या वकिलाने एवढेच विचारावे, की फेरफार करताना त्यांना कोणी पाहिले? तो कागद त्यांच्या हाती केव्हा आला? गारद्यांनी तो वाचला, की त्यांना तोंडी सांगितले गेले? यांतील एकाही प्रश्नाला साक्षीदाराकडून सरळ उत्तर मिळत नाही, हे समोर दिसले की चिडवणे आपोआप थंडावते.

त्या काळच्या मोडी लिपीची एक छोटी चाचणी मला सुचते. जिल्ह्याच्या ठिकाणी मोडी वाचणारे जाणकार आजही भेटतात. त्यांच्याकडून ‘धरावे’ हा शब्द मोडीत लिहून घ्यावा आणि चार मुलांनी त्याचे ‘मारावे’ करून दाखवावे. मोडीत आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढतात आणि मग अक्षरे तिला टांगतात, हे त्यांना आधी समजावून द्यावे. बोरू आणि शाई मिळाली तर उत्तम, नाहीतर कटनिबचे पेनही चालेल. फेरफार लपतो की उघडा पडतो, हे मुलांनी स्वतः पाहावे आणि ‘हस्ताक्षर तज्ज्ञ’ म्हणून एकाने त्यावर साक्ष द्यावी. आपण मात्र निष्कर्ष आधी सांगू नये.

आता रामशास्त्र्यांविषयी. गेल्या वर्षी आपण त्यांना न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले, आणि खटला तेथेच संपला. ज्यांनी राघोबादादांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले, अशी ज्यांची ख्याती आहे, त्यांना न्यायासनावर पाहून कोणते मूल वेगळा निकाल देईल? या वर्षी रामशास्त्र्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे. खुनाचा तपास त्यांनी केला, राघोबादादांनी आपल्यापाशी ‘धरण्या’चा हुकूम दिल्याची कबुली दिली असे त्यांच्या नावावर सांगितले जाते, आणि निर्णयानंतर ते पुणे सोडून वाईजवळच्या गावी जाऊन राहिले. तपास करणारा आणि निवाडा करणारा एकच असावा का, हा प्रश्न बचावाला येथे विचारता येतो, आणि तो विचारल्याने रामशास्त्र्यांचा मान कमी होत नाही. आणखी एक मुद्दा हुशार मुलांसाठी राखून ठेवावा: आजच्या कायद्याप्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तर मग तपास करणाऱ्या न्यायाधीशापुढे दिलेली कबुली कोणत्या खणात टाकायची? मला विचाराल तर मी ती ग्राह्य धरीन, पण माझा एक वकील मित्र या प्रश्नावर माझ्याशी दोन कप चहा होईपर्यंत भांडला आणि शेवटपर्यंत मानला नाही.

पुराव्याची पाकिटे आपण स्वतः तयार करावीत. इंटरनेटवर शोधून आणा, असे मुलांना सांगू नये. तीन रंगांचे कागद घ्यावेत. पहिल्या रंगावर त्या काळची पत्रे आणि नोंदी यांवर आधारलेली माहिती असावी, दुसऱ्यावर नंतर लिहिलेल्या बखरी आणि इतिहासांतली, आणि तिसऱ्यावर लोककथा. ‘काका, मला वाचवा’ ही हाक तिसऱ्या रंगात जाईल. मुलांना ती तिसऱ्या रंगात टाकायला जड जाईल, कारण तीच त्यांना सर्वांत खरी वाटते. पण ती कोणी ऐकली, त्याने ती केव्हा आणि कोठे लिहून ठेवली, हे विचारत गेले की ती आपोआप त्या रंगात सरकते. अमावास्येच्या रात्रीची शनिवारवाड्यातली भुते न्यायालयाच्या दाराबाहेरच राहतील. उलटतपासणीत वकिलाला साक्षीदाराचा कागद हातात धरून ‘हा कोणत्या रंगाचा?’ एवढे विचारण्याचा अधिकार असावा. या एका नियमाने निम्मे भाषण वाचते, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या रंगाच्या कागदांत एक गोष्ट अवश्य घालावी. खुनाच्याच दिवशी सकाळी नारायणरावांना धोक्याची सूचना मिळाली होती असे सांगितले जाते. कुलाब्याचे सरदार रघुजी आंग्रे यांनी सावध केले आणि नारायणरावांनी बंदोबस्ताचे काम आपले सरदार हरिपंत फडके यांच्यावर सोपवले, पण हरिपंत आधी ठरलेल्या जेवणाला एका स्नेह्याकडे गेले. मुलांना ही बाब फार भिडते. हरिपंत साक्षीदार म्हणून उभे राहिले की बचाव आणि सरकार दोघांनाही त्यांच्याकडून काहीतरी हवे असते: एकाला ‘वाड्यात गडबडीची कुणकुण सर्वांनाच होती, कट गुप्त नव्हता’ हे दाखवायचे असते, तर दुसऱ्याला ‘कुणकुण होती, म्हणजे कट होता’ हे. एकाच साक्षीतून दोन्ही बाजू आपापले काढू पाहतात आणि साक्षीदाराला घाम फुटतो, हे दृश्य कोणत्याही पाठ केलेल्या संवादापेक्षा सरस ठरेल.

खुनानंतरचे वर्तनही पुरावा असतो. राघोबादादा पेशवे झाले आणि मारेकऱ्यांना त्यांनी शासन केले नाही, हा सरकारी बाजूचा बळकट मुद्दा आहे. त्याला बचावाचे उत्तर बारभाईंकडे बोट दाखवण्याचे असेल: नाना फडणवीस, सखारामबापू आणि मंडळी एकत्र आली, त्यांनी नारायणरावांची पत्नी गंगाबाई यांना पुरंदरवर नेले, १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि त्या बाळाच्या नावाने कारभार यांच्या हाती आला. राघोबादादा दोषी ठरण्यात ज्यांचा फायदा होता, त्यांच्या साक्षी किती तोलाच्या? फितुरी आणि सत्ता यांचा हा गुंता मुलांना झेपणार नाही, अशी भीती आपल्याला वाटेल. पण वर्गातील मॉनिटरच्या निवडणुकीत त्यांनी याहून गुंतागुंतीचे राजकारण पाहिलेले असते.

न्यायालयाचे स्वरूप आजचे ठेवावे की पेशवाईतले, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, परंतु तो येईलच. पेशवाईतील निवाड्याची रीत वेगळी होती: अग्रवादी (फिर्यादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) आपापली तक्रीर, म्हणजे बाजू, लिहून देत, पंच बसत, आणि पुराव्याने उलगडा झाला नाही तर क्वचित उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे दिव्यही करायला लावीत. दोन्ही पद्धतींची खिचडी करू नये. मी आजचेच न्यायालय निवडीन, कारण निर्दोषत्वाचे गृहीतक, संशयाचा फायदा आणि आरोपीचा गप्प राहण्याचा हक्क या गोष्टी मुलांनी अंगात मुरवाव्यात असे मला वाटते. मात्र पंच ही जुनी चीज तेवढी उचलावी. आपल्याकडे ज्यूरीची पद्धत आता उरलेली नाही, हे मुलांना सांगावे, आणि वर्गातील मुलांना काम मिळावे म्हणून आपण पंच बसवत आहोत, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

४८ मुलांची वाटणी मी अशी करीन: चार आरोपी, प्रत्येक आरोपीला तीन वकील, म्हणजे बारा, सरकारी बाजूचे सहा, साक्षीदार आठ, न्यायाधीश तीन, पंच अकरा, जबाब लिहून घेणारे कारकून तीन, आणि पुकारा करणारा पट्टेवाला एक. गेल्या वर्षी दोनच मुले बोलली त्यावर एकच उपाय आहे: कोणत्याही वकिलाने एकाहून अधिक साक्षीदारांची तपासणी करायची नाही, आणि एका साक्षीदाराला सहापेक्षा अधिक प्रश्न विचारायचे नाहीत. बोलक्या मुलाला सहा प्रश्नांत बांधले की तो विचार करू लागतो. पंचांनी बोलायचे नाही, पण रोज एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यायाधीशांकडे द्यायचा. लाजाळू मुलांच्या चिठ्ठ्या बहुतेक वेळा वकिलांच्या प्रश्नांपेक्षा चांगल्या निघतात.

भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, आडनाव किंवा धर्म पाहून मुळीच नव्हे. गारद्यांमध्ये हिंदू आणि मुसलमान दोन्ही होते, ती पगारी फौज होती, आणि तिचा राग थकलेल्या पगाराचा होता. वर्गातील एखाद्या मुसलमान मुलाकडे सर्वांच्या नजरा वळत असतील, तर आपला आवाज तेथे स्पष्ट हवा. फरार आरोपींपैकी कोणाचे नाव घेऊन कोणी टोमणा मारला, तर न्यायाधीशांनी कामकाज थांबवून ती ओळ कारकुनाच्या वहीतून काढून टाकण्याचा हुकूम द्यावा. शिक्षकाने ओरडण्यापेक्षा हे अधिक लागू पडते.

वेळेचे म्हणाल तर पस्तीस मिनिटांच्या तासिकेत खटला कधीच बसणार नाही. सहा तासिका लागतील. पहिल्या दोन पाकिटे वाचण्यात आणि वकिलांच्या तयारीत जातील. तिसरी आणि चौथी सरकारी साक्षीदारांची. रामशास्त्री आणि हरिपंत यांना घाईने उरकू नये. पाचवी बचावाची. सहावीत पंच आपले मत देतील आणि तीन न्यायाधीश प्रत्येक आरोपीसाठी स्वतंत्र निवाडपत्र वाचतील, ज्यात दोन तरी कारणे आणि प्रत्येक कारणापुढे पुराव्याच्या कागदाचा रंग लिहिलेला असेल. निकाल ‘दोषी’ किंवा ‘आरोप सिद्ध झाला नाही’ येथेच थांबावा. शिक्षा सुनावू नये, आणि गारद्यांना पुढे कसे मारले गेले याचे वर्णन तर मुळीच नको; त्या शिक्षा क्रूर होत्या आणि त्या ऐकताना मुले विनाकारण चेकाळतात.

मुख्याध्यापकांना आपण काय सांगावे? स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर पगड्या आणि नऊवारी आली की मागच्या रांगेतल्या पालकांना ऐकू जावे म्हणून आरडाओरडा येतो, आणि संवाद पाठ करायचे म्हटले की निकाल आधी लिहावाच लागतो. ते नाटक होईल. नाटकाला माझा विरोध नाही, पण आपण ज्यासाठी हे करत आहात ते त्यातून निसटेल. तडजोड म्हणून सहाव्या तासिकेला मुख्याध्यापक आणि चार-दोन पालक यांना बोलवावे, आणि ज्यांनी पेशव्यांच्या अब्रूचा प्रश्न काढला त्यांना तर अगत्याने. त्यांना वेगळे उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. राज्याच्या धन्याच्या चुलत्याला दोषी म्हणणारा न्यायाधीश पेशवाईतच होऊन गेला, आणि त्याचे नाव आजही आपण न्यायाच्या गोष्टीत घेतो. ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून ही गोष्ट सांगत असतील, तेव्हा ते पालक समोर बसलेले असावेत.

सहल जमली तर वाड्याची फेरी खटल्याच्या आधी व्हावी. १८२८ च्या आगीनंतर आत जोती आणि बाहेर तट नि दरवाजे एवढेच उरले आहे, त्यामुळे कोणत्या दालनातून काय दिसत असेल हे तेथे पाहता येत नाही. नकाशावर ताडावे लागते. नारायण दरवाजाजवळ थोडे थांबावे. नारायणरावांचे शव तेथून बाहेर नेले म्हणून त्याला हे नाव पडले, असे सांगतात.

खटल्यानंतर एक जादा तासिका काढता आली तर पुढे काय झाले ते सांगावे, आणि तेही कोरडेपणाने, काही न सुचवता. राघोबादादा इंग्रजांकडे गेले, १७७५ साली सुरतेचा तह झाला, इंग्रजांशी युद्ध पेटले, १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना दरमहा २५,००० रुपयांचा तनखा ठरला, आणि १७८३ साली ते कोपरगावी वारले. खुनासाठी त्यांच्यावर न्यायालयात खटला कधीच चालला नाही. आपले न्यायाधीश झालेले तिघे हे ऐकताना आपापल्या निवाडपत्रांकडे पाहतील.

आता त्या मुलीविषयी, जिचा उल्लेख आपण दोन ओळींत केला आहे. ती या वर्षी दहावीत असेल, म्हणजे हा खटला तिचा नाही. पण नव्या वर्गाला पाकिटे देण्यापूर्वी तिला एकदा भेटावे. गेल्या वर्षी तिच्यावरचा आरोप नीट तपासला गेला नाही आणि ती चूक मांडणीची होती, हे आपण तिला स्वतःहून सांगावे. तिची इच्छा असेल तर आनंदीबाईंचे तीन वकील तयार करण्याचे काम तिच्याकडे द्यावे. बचावाचे प्रश्न तिला वर्षभर सुचत राहिले असतील. ती नको म्हणाली तर आग्रह करू नये. मोडीची चाचणी घेताना मात्र तिला बोलवावे, आणि बोरू पहिल्यांदा तिच्या हातात द्यावा.